चकतीवरचा एक 'टक्' : रायफलीची दुर्बीण कोन मोजायला कशी शिकली?

इ.स. १६४०च्या आगेमागे इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, लीड्सजवळच्या मिडलटन या गावी विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक हौशी ज्योतिर्विद आपल्या दुर्बिणीतून आकाश न्याहाळत होता. नळीच्या आत एका कोळ्याने धागा विणून ठेवला होता. एरवी हा त्रासच. परंतु तो धागा योगायोगाने नेमक्या त्या ठिकाणी होता, जिथे भिंगाने पकडलेली प्रतिमा तयार होते. त्यामुळे दूरची वस्तू आणि जवळचा धागा, दोन्ही एकाच वेळी लख्ख दिसू लागले. दुर्बीण तोवर केवळ पाहण्याचे साधन होते. त्या क्षणापासून ती नेम धरण्याचे साधन झाली.

आज लांब पल्ल्याच्या रायफलीवरील दुर्बिणीत जी फुली दिसते, ती या धाग्याचीच वंशज. आणि दुर्बिणीच्या माथ्यावर व उजव्या कुशीला ज्या दोन गोल कळा असतात, ज्या फिरवल्या की 'टक् टक्' असा आवाज येतो, त्यांचा उगमही गॅस्कॉइनच्याच टेबलावर सापडतो. या कळांना टरेट म्हणतात. टरेट म्हणजे तटावरचा छोटा बुरूज; आकारावरून पडलेले नाव. या बुरुजांचा इतिहास सांगणारा हा धागा.

गॅस्कॉइन धाग्यावर थांबला नाही. त्याने दुर्बिणीत दोन बारीक पाती बसवली आणि ती एका मळसूत्राच्या साहाय्याने एकमेकांपासून दूर किंवा जवळ सरकतील अशी योजना केली. चंद्राची एक कड एका पात्याला, दुसरी कड दुसऱ्या पात्याला लावायची आणि मळसूत्राचे किती फेरे झाले ते मोजायचे. फेऱ्यांवरून चंद्रबिंबाचा कोनीय व्यास मिळे. मळसूत्राची खुबी अशी की हाताची मोठी हालचाल ते अतिसूक्ष्म सरकण्यात रूपांतरित करते. बोटाने चकती अर्धी फिरवावी आणि टोकाला केसाच्या जाडीएवढे अंतर पडावे. यालाच पुढे मायक्रोमीटर म्हटले गेले.

परंतु हे यंत्र जगाला कळण्यापूर्वीच इंग्लंडात यादवी पेटली. गॅस्कॉइन राजाच्या बाजूने लढला आणि २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या रणात मारला गेला. त्याचे यंत्र दोन दशके जवळजवळ विस्मृतीत राहिले. १६६७ साली फ्रान्समधून तशाच शोधाची वार्ता आली, तेव्हा रिचर्ड टाउनली याने गॅस्कॉइनचा अग्रहक्क मांडला आणि रॉबर्ट हूकने त्या यंत्राचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. तारे मोजण्यासाठी जन्मलेली ही युक्ती बंदुकीवर चढायला त्यानंतरही सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली.

आता टरेट नेमके करते काय, हे आधी पाहिले पाहिजे; कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. सर्वसाधारण समज असा की चकती फिरवली की गोळी 'इतके इंच वर' जाते. प्रत्यक्षात चकतीला इंच ठाऊक नाहीत आणि मीटरही ठाऊक नाहीत. तिला फक्त कोन ठाऊक आहे. नेमाची रेषा आणि नळीची रेषा यांच्यामधला कोन ती बदलते, एवढेच.

हा कोन मोजण्याचे जुने एकक मराठी वाचकाला पंचांगामुळे परिचित आहे. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. इंग्रजीत ज्याला 'मिनिट' म्हणतात ती हीच कला. म्हणजे पूर्ण वर्तुळात २१,६०० कला. १०० मीटरवर एका कलेची रुंदी सुमारे २.९ सेंटिमीटर भरते. १,००० मीटरवर तीच कला २९ सेंटिमीटर होते. बहुसंख्य अमेरिकी दुर्बिणींत एक 'टक्' म्हणजे पाव कला. जवळच्या लक्ष्यावर तो सात मिलिमीटरचा फरक. हजार मीटरवर सात सेंटिमीटरचा. टक् तोच, कोन तोच, अंतर मात्र वेगळे.

याच्या जोडीला गुरुत्वाकर्षण आहे. गोळी नळीतून बाहेर पडताक्षणी खाली येऊ लागते आणि हवेच्या विरोधाने तिचा वेग घटत जातो, म्हणून पुढचा प्रत्येक टप्पा पार करायला तिला आधीच्या टप्प्याहून अधिक वेळ लागतो आणि तेवढी ती अधिक पडते. ७.६२ मिलिमीटरच्या प्रचलित लष्करी गोळीचे उदाहरण घ्यावे. १०० यार्डांवर रायफलीचे शून्य बांधले असेल, तर ५०० यार्डांसाठी सुमारे १२ कला चढवाव्या लागतात; १,००० यार्डांसाठी चाळिसाच्या आसपास. अंतर दुप्पट, कोन तिपटीहून अधिक. चाळीस कला म्हणजे १६० टक्, आणि त्या अंतरावर गोळीची घसरण दहा मीटरांहून जास्त, तीन मजली इमारतीएवढी! वरचा टरेट ही घसरण भरून काढतो, कुशीचा टरेट वाऱ्याने होणारी बगल.

कोनाचा हा हिशेब नेमबाज मंडळींनी दुर्बिणीच्या आधीच, उघड्या डोळ्यांच्या नेमावर पुरता आत्मसात केला होता. त्याचा सर्वांत रंगतदार पुरावा म्हणजे २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर मैदानावर झालेला आयर्लंड विरुद्ध अमेरिका हा सामना. आयरिश संघ त्या काळी अजिंक्य मानला जाई. ८००, ९०० आणि १,००० यार्ड अशी तीन अंतरे. प्रत्येकी सहा नेमबाज. दुर्बिणींना स्थान नाही. मात्र दस्त्यावर उभ्या केलेल्या पट्टीवर व्हर्नियर मोजपट्टी होती. तिच्यावर कला वाचता येत आणि बारीक मळसूत्राने नेम वर-खाली करता येई. प्रत्येक नेमबाज वाऱ्याच्या व उजेडाच्या नोंदी ठेवी, गोळीगणिक आकडा टिपे.

हजारो प्रेक्षकांसमोर सामना अखेरच्या गोळीपर्यंत आला. आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०. उरली होती फक्त जॉन बोडाइनची एक गोळी. तेवढ्यात त्याच्या हातातली जिंजर बिअरची बाटली फुटली आणि काचेने हात कापला. रक्ताळलेल्या हाताला रुमाल गुंडाळून तो १,००० यार्डांच्या लक्ष्यासमोर आडवा झाला आणि गोळी मधल्या वर्तुळात गेली. चार गुण. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

या विजयाची कथा अमेरिकेत अनेकदा सांगितली जाते. परंतु खरी हळहळ आयर्लंडच्या बाजूला आहे. त्यांच्या मिलनर नावाच्या नेमबाजाची एक गोळी अचूक मध्यभागी लागली होती, फक्त शेजारच्या लक्ष्याच्या! नियमानुसार शून्य गुण. ते चार गुण मिळाले असते तर आयर्लंड ९३५वर थांबले असते. मिलनरच्या पट्टीवरचा कोन बिनचूक होता, वाऱ्याचा अंदाज बिनचूक होता. चुकला तो फक्त पत्ता.

दरम्यान दुर्बीण रायफलीवर चढू लागली होती. १८४०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे जॉन चॅपमन या अभियंत्याच्या कल्पनेवरून बंदूक कारागीर मॉर्गन जेम्स लांबलचक नळीच्या दुर्बिणी बनवू लागला. १८५५च्या सुमारास त्याच राज्यातील सिरॅक्यूझ येथे विल्यम माल्कमने रंगदोषमुक्त भिंगांच्या दुर्बिणींचा व्यवसाय सुरू केला. ब्रिटिशांकडे डेव्हिड डेव्हिडसन होता. हा स्कॉटिश अधिकारी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात नोकरी केलेला, आणि रायफलीवर दुर्बीण लावण्याचे त्याचे प्रारंभीचे प्रयोग हिंदुस्थानातील वास्तव्याशी जोडलेले आहेत. पुढे त्याची दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या कुशीला बसवली गेली आणि अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांच्या हाती पोहोचली.

त्याच युद्धात, ९ मे १८६४ रोजी, स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचा सेनापती जॉन सेज्विक आपल्या दबकणाऱ्या शिपायांना हसत होता. एवढ्या लांबून शत्रूला हत्तीही टिपता येणार नाही, असे त्याचे म्हणणे. काही क्षणांत डाव्या डोळ्याखाली गोळी लागून तो कोसळला. ती व्हिटवर्थचीच होती, असे परंपरेने मानले जाते. दूरवरचा माणूस सुरक्षित असतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत त्या दिवशी सेनापतीसह संपली.

या साऱ्या दुर्बिणींत एक गोष्ट समान होती. आतली फुली अचल. कोन बदलायचा तर संपूर्ण नळीच हलवायची. पुढचे टोक एका खिळीवर टेकलेले, मागचे टोक मळसूत्राने वर-खाली किंवा डावी-उजवीकडे. साधी, पारदर्शक रचना. दोष एवढाच की प्रत्येक गोळीचा धक्का त्या नाजूक आट्यांवर आदळे. पुढे जॉन उनर्टल या जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या कारागिराने या पद्धतीला परिपूर्णतेच्या जवळ नेले. त्याच्या दुर्बिणीची नळी धक्क्याबरोबर आपल्या कड्यांमधून पुढे घसरे, म्हणजे आट्यांवर ताण येत नसे. नेमबाजाने ती हाताने पुन्हा मागे ओढायची. बाहेरच्या कळा पाव कलेच्या टक्‌टकीने फिरत. दुसऱ्या महायुद्धात आणि व्हिएतनाममध्येही अमेरिकी मरीन नेमबाजांकडे उनर्टलच्या आठपट दुर्बिणी होत्या.

खगोलशास्त्राशी असलेले नाते मध्येच पुन्हा उजळले ते वॉर्नर अँड स्वेझी या अमेरिकी कंपनीमुळे. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीचे अजस्र बैठक-यंत्र याच कंपनीने उभारले होते. १९०८ मध्ये अमेरिकी सैन्याने तिची लोलकयुक्त रायफल-दुर्बीण स्वीकारली. टनावारी वजनाचा सांगाडा ताऱ्यामागे अलगद फिरवणाऱ्या या कारागिरांना रायफलीवरची लहानशी दुर्बीण मात्र जड गेली. नेम बदलणाऱ्या आट्यांत ढिलाई असे. चकती एका दिशेने फिरवून पुन्हा उलट आणली की आतला भाग पूर्वीच्या जागी परत येईलच, याची खात्री नसे. वेधशाळेतील यंत्राला कोणी खांद्यावरून चिखलात आपटत नाही, हे एक कारण म्हणता येईल.

पहिल्या महायुद्धाने या ढिलाईची किंमत माणसांत मोजली. १९१५ मध्ये हेस्केथ हेस्केथ-प्रिचर्ड हा शिकारी, लेखक आणि हॅम्पशायरकडून खेळलेला क्रिकेटपटू फ्रान्समधील खंदकांत पोहोचला. जर्मन नेमबाज ब्रिटिश शिपायांना रोज टिपत होते. ब्रिटिशांनाही दुर्बिणीच्या रायफली मिळू लागल्या होत्या. तरी गोळ्या लागत नव्हत्या. प्रिचर्डने रायफली तपासायला घेतल्या आणि त्याला आढळले की बहुतेक दुर्बिणींचे शून्यच चुकलेले आहे. शिपायांना त्या दिल्या होत्या, वापर शिकवला नव्हता. कोणी प्रवासात धक्का लागलेली दुर्बीण तशीच वापरत होता, कोणी दुसऱ्याने बांधलेल्या शून्यावर विसंबून होता. ज्या साधनाने नेम सुधारायचा, तेच साधन आत्मविश्वासाने चुकीच्या जागी नेम धरवत होते. उघड्या माशीवर चुकणारा शिपाई निदान आपण चुकतो आहोत, हे जाणून असतो.

भरीला ब्रिटिश दुर्बिणी रायफलीच्या मधोमध नव्हे, तर डाव्या बाजूला बसवलेल्या होत्या. वरून काडतुसांची पट्टी भरता यावी म्हणून. परिणामी नेमाची रेषा आणि नळीची रेषा कोणत्या तरी एकाच अंतरावर एकमेकींना छेदत. त्या अलीकडे गोळी एका बाजूला, पलीकडे दुसऱ्या बाजूला. प्रिचर्डने या रचनेवर कठोर टीका केली. १९१६ मध्ये त्याने नेमबाजी, निरीक्षण आणि टेहळणी शिकवणारी शाळा उभारली. तिथे मोठा भर रायफलींची शून्ये तपासून दुरुस्त करण्यावर असे. शौर्यगाथांत या कंटाळवाण्या कामाला फारशी जागा मिळत नाही, पण खंदकांतील पारडे फिरवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

यानंतरची मोठी झेप म्हणजे चलनवलन नळीच्या आत नेणे. नळी पक्की घट्ट बसवायची आणि आतली फुलीच मळसूत्राने सरकवायची. सोव्हिएत सैन्याची पीयू ही दुर्बीण या पिढीची प्रतिनिधी. साडेतीनपट, आखूड, मोसिन-नागांत रायफलीवर बसणारी. तिची फुली इकडे-तिकडे सरकताना नेमबाजाला डोळ्यांनी दिसे. चकती बरीच फिरवली तर फुली दृश्याच्या मध्यातून ढळून कडेला जाई. डोळ्याला हे खटके. पुढच्या पिढीत निर्मात्यांनी प्रतिमा सुलट करणारी भिंगांची आतली नळीच स्प्रिंगच्या आधारावर तोलली. टरेटचे मळसूत्र तिला एका बाजूने ढकलते, स्प्रिंग दुसऱ्या बाजूने दाबून धरते. आता फुली कायम मध्यात दिसते आणि स्प्रिंगच्या दाबामुळे आट्यांतली ढिलाईही आटोक्यात राहते. मात्र आतली नळी बाहेरच्या नळीला टेकली की चकती संपली. म्हणूनच लांब पल्ल्याच्या रायफलींवर दुर्बिणीखालची पट्टी पुढच्या बाजूला किंचित उतरती बनवतात; बहुधा २० कलांची. चकतीला जेवढे चढता येत नाही, तेवढे पट्टी आधीच चढवून ठेवते.

पीयूच्या दोन टरेटांत आणखी एक वाद दडलेला आहे. वरच्या चकतीवर अंतरे कोरलेली होती : १, २, ३... १३, म्हणजे १०० ते १,३०० मीटर. बाजूच्या चकतीवर मात्र कोन. अंतराची चकती शिपायाला सोयीची. हिशेब नको, आकडा लावा आणि चाप ओढा. पण तो आकडा एका विशिष्ट काडतुसापुरताच खरा. गोळी बदलली, पर्वतावर विरळ हवा लागली, कडाक्याच्या थंडीत दारूचा जोर घटला, की चकतीवरचे '८' आठशे मीटरचे राहत नाही. कोनाची चकती असा दावाच करत नाही. ती नेमबाजाला कोष्टक पाठ करायला लावते, पण खोटे बोलत नाही. सैन्ये या दोहोंत दीर्घकाळ हेलकावत राहिली. शेवटी लांब पल्ल्यावर कोनाने बाजी मारली आणि ते योग्यच झाले.

मग प्रश्न उरला, कोन कोणत्या भाषेत? युरोपातील तोफखान्यांनी १९व्या शतकातच 'सहस्रांश' रूढ केला होता : हजार मीटरवर एक मीटर रुंदीचा कोन. इंग्रजीत त्याला मिल म्हणतात. गणिताने वर्तुळात असे ६,२८३ सहस्रांश बसतात. पण तोफखान्याला भागाकार सोपा हवा, म्हणून नाटो राष्ट्रांनी ६,४०० धरले आणि रशियनांनी ६,०००. पीयूच्या बाजूच्या चकतीवरचा 'हजारावा भाग' हा रशियन प्रकारचा, म्हणजे किंचित जाड.

अमेरिकी मरीन दलाने १९८०च्या सुमारास फुलीच्या तंतूंवर एकेका सहस्रांशाच्या अंतराने ठिपके घेतले. सोय मोठी होती. दोन मीटर उंचीचे दार चार सहस्रांशांत मावले, तर ते ५०० मीटरवर आहे, तोंडी हिशेब. परंतु अनेक दुर्बिणींत ठिपके सहस्रांशांचे आणि टरेट मात्र जुन्या सवयीने कलांचे, असा दुभाषी संसार कित्येक वर्षे चालला. निरीक्षक ठिपक्यांवरून सांगे, 'दीड खाली'. ते दीड सहस्रांश. टरेटवर त्याचे रूपांतर ५.१६ कला, म्हणजे सुमारे २१ टक्. घाईत कोणी दीड कला, म्हणजे सहाच टक् फिरवले, तर ८०० मीटरवर गोळी सुमारे ८५ सेंटिमीटर चुकणार. गुणकाचा आकडा ३.४३८. तो पाठ करावा लागे, रायफलीच्या दस्त्यावर चिकटवावा लागे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठिपके आणि टरेट दोन्ही सहस्रांशांत आणणाऱ्या दुर्बिणी लष्करांत रुळल्या, तेव्हा कुठे हा जाच सरला.

आणि येथे भारतीय वाचकाने क्षणभर थांबावे, कारण हा आकडा अनोळखी नाही. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने ज्यांचे कोष्टक रचले, तेव्हा त्याने वर्तुळाची त्रिज्या परिघाच्याच कलांत मोजली आणि ती धरली ३,४३८. २१,६०० कलांना २π ने भागले की हीच संख्या येते. सूर्यसिद्धान्तात ती आहे, भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीतही आहे. त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे मिळाला. त्रिज्येचा हजारावा भाग म्हणजे ३.४३८ कला. आर्यभटाचा रायफलीशी काही संबंध नाही आणि तो जोडण्याचे कारणही नाही. कोन आणि त्रिज्या यांचा संबंध काढायला जो कोणी बसेल, त्याच्या हाती हाच आकडा पडणार, मग तो कुसुमपुरातला गणिती असो वा वाळवंटात पालथा पडलेला शिपाई.

टरेटवरची एक चूक मात्र एककांची नसून मोजणीची आहे आणि ती आजही होते. चकती पूर्ण एक फेरा फिरली की शून्य पुन्हा शून्यावरच दिसते. रात्रीच्या अंधारात नेमबाजाला वाटते आपण मूळ जागी आहोत, आणि प्रत्यक्षात तो एक संपूर्ण फेरा वर असतो. यावर उपाय म्हणून अलीकडच्या टरेटांत शून्याखाली चकती फिरूच नये असा अडसर बसवतात आणि बुरुजाच्या पायाशी आडव्या रेषा कोरतात; चकती वर चढत जाते तशी एकेक रेषा उघडी पडते आणि फेरे मोजता येतात. गॅस्कॉइनच्या यंत्रातही पूर्ण फेरे दाखवणारी एक पट्टी वेगळी होती आणि फेऱ्याचे शंभर भाग दाखवणारी तबकडी वेगळी.